कमी खर्चात वेबसाइटची टचस्क्रीनवर चाचणी कशी करावी?

लहान वेबसाइटसाठी डझनभर फोन विकत घेण्याची गरज नाही. एक जुना, शक्यतो संथ अँड्रॉइड फोन आणि ओळखीतल्या कोणाचा तरी आयफोन एवढ्यावर बहुतेक दोष पकडता येतात. महागडा नवा फोन चाचणीसाठी कमीच उपयोगाचा, कारण त्याच्यावर जड पानही चपळ वाटते. जुन्या फोनच्या काचेवर ओरखडे असले तरी चालतील, पण स्पर्श कडेपर्यंत नीट चालला पाहिजे.

सुरुवात संगणकावरच करावी. क्रोममध्ये एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडावीत, कंट्रोल-शिफ्ट-एमने मोबाइलचे दृश्य आणावे आणि रुंदी ३६० पिक्सेल ठेवावी. मांडणीतले दोष येथेच दिसतात. मात्र येथे माउस केवळ बोटाचे सोंग घेतो आणि कीबोर्ड वर येत नाही, त्यामुळे यावर विसंबून वेबसाइट ग्राहकाच्या हाती देऊ नये.

नंतर खरा अँड्रॉइड फोन केबलने संगणकाला जोडावा. सेटिंग्जमधील बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केले की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तेथे यूएसबी डिबगिंग (संगणकावरून फोनमधले पान तपासू देणारी सोय) सुरू करावे. केबल डेटा वाहून नेणारी हवी (पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेताना तसे स्पष्ट विचारावे, नाहीतर नुसती चार्जिंगची केबल पदरात पडते). संगणकावरील क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावर (chrome://inspect) पोर्ट फॉरवर्डिंग केल्यास लोकलहोस्टवरची, म्हणजे अजून फक्त स्वतःच्या संगणकावर चालणारी, वेबसाइट थेट फोनवर उघडते.

पुण्याच्या नारायण पेठेतल्या एखाद्या घरगुती फराळ विक्रेत्याचे ऑर्डरचे पान तपासायचे आहे असे समजू. फोन एका हातात धरून केवळ अंगठ्याने चकलीचे वजन अर्ध्या किलोवरून एक किलो करून पाहावे. अधिक आणि उणे ही बटणे खेटून असतील, तर वाढवायला जावे आणि कमी व्हावे असे हमखास घडते. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे) बटणाच्या आकाराची किमान मर्यादा २४ पिक्सेलची आहे, पण अ‍ॅपल ४४ पॉइंट सुचवते आणि अंगठ्याचा विचार करता तेच योग्य. माउस नुसता वर नेल्यावर उघडणारा मेनू येथे कसा उघडतो, मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात अंकांचा कीबोर्ड येतो का, त्या कीबोर्डाखाली ‘ऑर्डर द्या’ झाकले जाते का आणि मराठी कीबोर्डने लिहिलेला पत्ता जसाच्या तसा पोहोचतो का, हेही पाहावे.

आयफोनवर भारतात क्रोमसुद्धा सफारीचेच वेबकिट इंजिन (पान पडद्यावर मांडणारा भाग) वापरते, म्हणून मुख्यतः सफारी तपासावी. रकान्यातील अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर तेथे टॅप करताच पान आपोआप मोठे होते. फोन मित्राकडेच असेल, तर त्याला तात्पुरती लिंक पाठवून स्क्रीन रेकॉर्डिंग मागावे. त्यात बोट दिसत नाही, तेव्हा मायक्रोफोन सुरू ठेवून कुठे टॅप केले ते त्याला बोलून सांगायला लावावे.