पुन्हा लेथपुढे उभं राहताना

बऱ्याच वर्षांनी, उतारवयात, लेथवर (लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावर) लाकूड कातायच्या कामाकडे वळताना पहिल्याच दिवशी वाडगा करायला घेऊ नका. वाडग्यात प्रत्येक फेऱ्यात धारेसमोर दोनदा लाकडाच्या तंतूंच्या आडव्या रेषा येतात आणि हाताची सवय मोडलेली असेल तर पटाशी तिथेच अडकते. ५० मिमी चौरस, २५० मिमी लांब, सरळ रेषांचा, गाठ किंवा चीर नसलेला तुकडा घ्या. त्यावर फक्त मणी (गोल उंचवटे) आणि खाचा काता, मग पुन्हा सपाट करा.

लाकडाआधी लेथची उंची बघा. स्पिंडलचा, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्याचा मध्य कोपराच्या उंचीला हवा. तो खाली असेल तर पाठ वाकते, म्हणून लेथच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून तो पक्का बसवा. दुहेरी भिंगाचा चष्मा इथे त्रासाचाच, मान सतत वर-खाली होते. डोळा ते धार हे अंतर मोजून त्यासाठी एकाच नंबरचा चष्मा करून घ्या, त्यावर फेसशील्ड घाला. हातमोजे, अंगठी, सैल बाही मात्र नको.

टोकांवर कर्ण आखून मध्य टोचा. स्पर सेंटर (लाकडात रुतून त्याला फिरवणारं दातेरी टोक) लेथबाहेरच लाकडात ठोकून बसवा. लेथवर ठोकलं की बेअरिंग खराब होतात. टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) आवळा, टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) लाकडापासून ५ मिमीवर ठेवा आणि तुकडा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा. चौरसाचा गोल होईपर्यंत मिनिटाला ८०० ते १००० फेरे पुरेत, नंतर २००० पर्यंत न्या. सुरू करताना तुकड्याच्या रेषेतून बाजूला उभे राहा.

रफिंग गाऊजची (चौरसाचा गोल करायच्या पन्हळी पटाशीची) मूठ कंबरेला टेकवा. आधी धारेमागचा उतार लाकडावर घासू द्या, मग छिलका निघेपर्यंत मूठ सावकाश वर उचला. पुढे सरकायचं ते अंगाने, मनगटाने नाही. दिशा कायम जाडाकडून बारीकाकडे. स्क्यू पटाशीत (तिरप्या धारेच्या सपाट पटाशीत) धारेच्या खालच्या अर्ध्या भागानेच कापा. वरचं लांब टोक टेकलं की लाकूड पटाशी ओढून नेतं आणि कामावर मळसूत्रासारखी खोल चीर पडते. रफिंग गाऊज पुढे वाडग्यावर कधीही वापरू नका. त्याची मुठीत शिरणारी शेपटी अरुंद असते, झटक्यात तुटते.

छिलक्याऐवजी भुसा पडतोय किंवा जोर लावावा लागतोय? धार गेली आहे. रफिंग गाऊजला ४५ अंशांची धार पुरते. बोथट पटाशी दाबत राहिलं की अंगठ्याचे सांधे दुखतात आणि या वयात ते लवकर बरे होत नाहीत. म्हणून धार वारंवार लावा, पकड सैल ठेवा.

घासताना टूल रेस्ट काढा, मास्क घाला. १२०, १८०, २४०, ३२० या नंबरांचा सँडपेपर क्रमाने खालच्या बाजूने धरा, बोटाला गुंडाळू नका. जवसाचं तेल लावायला टिश्यू पेपर वापरा, कापड फिरत्या कामात गुंततं. तेलकट कागदांचा बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतो. उलगडून एकेक वाळत घाला.