घरासाठी टोकन (आगाऊ रक्कम) देण्याआधी: एजंट आणि गृहकर्ज
एजंटला आधी महारेरा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडचा, नोंदणी क्रमांक विचारा. तो ‘ए’ने सुरू होतो, ‘पी’ने सुरू होणारा क्रमांक प्रकल्पाचा. महारेराच्या संकेतस्थळावर नाव आणि मुदत ताडून पाहा. दलाली किती, केव्हा, जीएसटी धरून की वेगळा, हे लेखी घ्या.

कर्जासाठी एजंटच्याच ‘ओळखीच्या’ बँकेवर थांबू नका. त्याला तिथून कमिशन मिळत असू शकतं. तीन ठिकाणांहून केएफएस, म्हणजे कर्जाच्या अटींचा तक्ता, मागवा आणि नुसत्या व्याजदराऐवजी एपीआर, म्हणजे कर्जाचा वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत, ताडून पाहा. प्रक्रिया शुल्क त्यात धरलेलं असतं. कर्ज ७५ लाखांच्या वर असेल तर किमतीच्या कमाल ७५ टक्केच मिळतात, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क खिशातून. हिशेब इथेच कोलमडतो. म्हणून टोकनच्या पावतीवर ‘कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत’ असं लिहून घ्या.