शोल्डर प्लेन विकत घेण्याआधी

टेननचा (लाकडाच्या टोकाला कोरलेल्या, दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणाऱ्या जिभेचा) जोड नीट बसेना, की बहुतेकांना शोल्डर प्लेन घ्यावासा वाटतो. हा अरुंद रंधा. पातं अंगाच्या दोन्ही कडांपर्यंत पोचत असल्यामुळे तो टेननच्या कोपऱ्यात थेट शिरतो. स्टॅन्लेचा ९२ नंबर पाऊण इंची, ९३ एक इंची. हत्यार उत्तम आहे, पण आधी टेननच्या खांद्याची, म्हणजे जीभ जिथून सुरू होते त्या पायरीची, लांबी मोजा.

खांदा ५० मिमीपर्यंत असेल तर रंधा टेकायला जागाच पुरत नाही. तिथे सुरीने खोल रेघ मारा आणि २५ मिमीची धारदार पटाशी त्या रेघेत ठेवून सरळ खाली दाबा. टेबलाच्या फळीखालच्या १००-१५० मिमी रुंद पट्ट्या वरचेवर करत असाल तर मात्र शोल्डर प्लेन घ्याच. तो दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंतच चालवा. आरपार नेलात तर पलीकडची कड फुटते.

टेननचे गाल, म्हणजे जिभेच्या सपाट बाजू, तासायला शोल्डर प्लेन घेणं ही चुकीची खरेदी. ४० मिमी लांब गालावर १९ मिमीचा रंधा दोन-तीनदा फिरवावा लागतो, हात बाहेरच्या बाजूला कलतो, टेनन टोकाकडे निमुळतं होतं आणि जोड डगडगतो. या कामाला राउटर प्लेन हवा. त्याचा तळ लाकडाच्या मूळ पृष्ठावर टेकतो आणि एल आकाराचं पातं खाली ठरावीक खोलीवर चालतं, त्यामुळे गाल पृष्ठाला समांतरच निघतो. तळाची दुसरी बाजू अधांतरी राहू नये म्हणून शेजारी त्याच जाडीचा तुकडा बांधा. बिजागरीची खाच आणि कपाटातल्या फळीची आडवी खाचही यानेच सपाट होते. आधी खाचेच्या बाजू करवतीने पूर्ण खोल कापा, पटाशीने १ मिमी शिल्लक ठेवून काढा, मग पातं थोडं थोडं उतरवा. एकदम उतरवलंत तर तंतू उपटतात.

राउटर प्लेन महाग वाटत असेल तर आधी घरीच करून बघा: शिसवाचा साधारण १८०×९०×४० मिमीचा ठोकळा, मधोमध ४५ अंशांत तिरकं भोक, त्यात १० मिमीची पटाशी पाचरीने आवळलेली. खोली जुळवायला वेळ लागतो, पण काम अचूक होतं. ही तात्पुरती सोय सतत हातात येऊ लागली तर विकतचा घ्या.

दुकानात शोल्डर प्लेनच्या तळाला आणि बाजूला गुण्या लावा. काटकोन नसेल तर परत ठेवा. घरी घासून तो दुरुस्त करणं फार जिकिरीचं. पातं अंगापेक्षा केसभर रुंद हवं. अरुंद असेल तर प्रत्येक फेरीत कोपऱ्यात पायरी उरते. राउटर प्लेनमध्ये पातं आवळणारा स्क्रू बघा. तो ढिला असला की पातं हळूहळू खाली सरकतं आणि खाच एका टोकाला जास्त खोल होते.

काम मुख्यतः प्लायवुडचं असेल आणि ट्रिमर मशीन (कडा आणि खाचा कापायचं हातातलं विजेचं यंत्र) असेल, तर दोन्ही नकोत. प्लायमधला गोंद पात्याची धार लगेच घालवतो.