एए मीटिंगला जाण्याआधी एक फोन

दाजींना एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला घेऊन भर उन्हात गेलो, तर दाराला कुलूप. वेळ बदलली होती. एकदा कुलूप दिसलं की माणूस पुन्हा यायचं नाव काढत नाही.

१. एएच्या हेल्पलाईनवर आदल्या दिवशी वार, वेळ, खोली पक्की करा. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाईन १४४४६ आहेच.

२. ‘ओपन मीटिंग’ विचारा. घरच्यांना त्यातच बसता येतं.

३. गल्लीबोळ शोधू नका. ‘जवळच्या चौकात कुणी भेटेल का?’ असं सरळ विचारा. सोबत कुणी असलं की पाय मागे फिरत नाही.

फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही.

मात्र रोज पिणाऱ्याने एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. फिट येऊ शकते.