यूसीला जाताना १०५ च्या वरचे युनिट बुडतात का?

सप्टेंबर उजाडला की मला ओळखीतल्या आयांचे फोन सुरू होतात. मी सनीव्हेलला राहते, माझी दोन्ही मुलं डी अँझा या कम्युनिटी कॉलेजामधून (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, गेली, आणि "तिला विचार, तिला सगळं तोंडपाठ आहे" अशी अफवा मंडळात कुणीतरी उठवून दिली आहे. प्रश्न ठरलेला: "अगं, याचे १२० च्या वर युनिट झालेत. यूसी १०५ च घेते म्हणे. बाकीचे गेले का पाण्यात?"

नाही गेले. हे सगळं कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून यूसीला जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे. टेक्सास, न्यू जर्सीवाल्यांनी आपापल्या राज्याचे नियम बघावेत, तिकडचा हिशोब वेगळा.

नियम असा. कोर्स किती मोठा ते युनिटमध्ये मोजतात, आणि वर्षाची तीन सत्रं करणाऱ्या कॉलेजांचे ते क्वार्टर युनिट, दोन करणाऱ्यांचे सेमिस्टर युनिट. लोअर डिव्हिजनचे, म्हणजे पहिल्या दोन वर्षांच्या पातळीचे, जास्तीत जास्त १०५ क्वार्टर युनिट यूसी डिग्रीच्या बेरजेत धरते. सेमिस्टरच्या भाषेत ७०. मूल एका कॉलेजात शिकलं काय आणि तीन कॉलेजांत फिरलं काय, मर्यादा सगळ्यांची मिळून एकच. त्यावरचे युनिट बेरजेत येत नाहीत, पण तो विषय झाला हे यूसी मान्य करते. १०५ च्या पुढे घेतलेलं लिनिअर अल्जिब्रा पुन्हा करावं लागत नाही; त्याने मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, अट भागते आणि पुढचा कोर्सही उघडतो. आणि मूल फक्त कम्युनिटी कॉलेजात शिकलेलं असेल तर "युनिट जास्त झाले" म्हणून प्रवेश नाकारला जात नाही. डी अँझात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला क्वार्टर युनिटमागे ३१ डॉलर फी पडते. बारा युनिट जास्त झाले तर ३७२ डॉलर. एवढ्यासाठी झोप उडवून घेऊ नका. खरं नुकसान दुसरीकडेच होतं, त्याकडे नंतर येते.

आधी हिशोब. कॉलेजच्या पोर्टलवरून ट्रान्सक्रिप्ट छापून घ्या (स्क्रीनवर हे काम नीट होत नाही, कागदच हवा) आणि पेन्सिल घेऊन बसा. दुसऱ्या बाजूला असिस्ट डॉट ऑर्ग उघडा आणि आपल्या कॉलेजची, यूसीला चालणाऱ्या कोर्सेसची यादी काढा. त्यात प्रत्येक कोर्ससमोर युनिट असतात, आणि काहींच्या समोर मर्यादेची बारीक टीप. सगळी गंमत त्या टीपेत आहे.

आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीच्या मुलाचा कागद मी असाच तपासला होता. ट्रान्सक्रिप्टवर एकूण १२४ युनिट. त्यातल्या एका ५ युनिटच्या कोर्सचं नाव यादीतच नव्हतं, तो खोडला. राहिले ११९. पठ्ठ्याने बॅडमिंटन, योगा, पोहणं असं मिळून ८ युनिट केले होते. खेळाच्या कोर्सचे यूसी जास्तीत जास्त ६ क्वार्टर युनिट धरते, म्हणून २ वजा. उरले ११७. त्यातले १०५ बेरजेत, १२ फक्त विषयापुरते. शिवाय हायस्कूलमध्ये दिलेल्या एपी यूएस हिस्टरीचे (एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीची परीक्षा) ८ युनिट. एपीचे युनिट या मर्यादेत मोडत नाहीत, ते वर मिळतात. म्हणजे ११३. डिग्रीला साधारण १८० लागतात, तेव्हा हातात ६७ करायचे राहिले. पण कागदावर ६७ दिसले म्हणून मुलगा दीड वर्षात मोकळा होईल असं समजू नका. मेजरचे वरच्या पातळीचे कोर्स एकामागून एक असतात, दोन वर्षं बहुधा लागतातच.

आता नुकसान कुठे होतं ते. एकसारखे दोन कोर्स केले की एकाचंच क्रेडिट मिळतं. साधा आणि ऑनर्स, दोन्ही केले तरी एकच. डी अँझात फिजिक्स २ए ची मालिका आहे आणि कॅलक्युलसवर आधारलेली ४ए ची आहे. दोन्हींतून कोर्स केलेत तर टीप वाचा, दोन्हींचं पूर्ण क्रेडिट मिळत नाही. एपी कॅलक्युलस बीसीचे ८ युनिट आणि वर कॉलेजात मॅथ १ए, १बी, असं दोनदाही मोजलं जात नाही. मेजरसाठी तो कोर्स कॉलेजातच करणं शहाणपणाचं असू शकतं, फक्त युनिट दुप्पट धरू नका.

याहून वाईट म्हणजे अर्धी मालिका एका कॉलेजात आणि अर्धी दुसऱ्या. डी अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, फ्रीमाँटचं ओलोनी आणि सँटा क्लाराचं मिशन सेमिस्टरवर. डी अँझात कॅलक्युलस १ए ते १डी अशा चार तुकड्यांत शिकवतात. सेमिस्टरवाले तेवढंच तीन तुकड्यांत उरकतात. १ए आणि १बी करून उन्हाळ्यात सेमिस्टरच्या कॉलेजात "कॅलक्युलस २" घेतलं की थोडा भाग दोनदा होतो आणि थोडा मधल्यामध्ये राहतो. युनिट मोजले जातात, पण मेजरसाठी कॉलेज आणि यूसी यांच्यात ठरलेली मालिका पुरी होत नाही. मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवा, माझं हे ऐकाच. बेरीज करताना सेमिस्टर युनिटला दीडने गुणा: मिशनचे २० म्हणजे क्वार्टरचे ३०. बर्कली आणि मर्सेड सेमिस्टरवर आहेत, तिथे उलट दीडने भागा.

ज्यांनी आधी चार वर्षांच्या विद्यापीठात शिकून घेतलंय त्यांनी मात्र सावध राहायचं. पुण्यात इंजिनिअरिंगची दोन-तीन वर्षं करून इकडे आलेले, किंवा एखाद्या युनिव्हर्सिटीतून घरी परतलेले. वरच्या पातळीचे युनिट १०५ च्या वर जमा होत जातात, आणि एकूण १२० क्वार्टरच्या (८० सेमिस्टरच्या) पुढे गेलात की काही ठिकाणी तुम्हाला सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाचे, धरून अर्ज बाजूला ठेवतात. यूसीच्या समर किंवा एक्स्टेन्शनच्या वर्गांचे युनिटही असेच वर चढतात. पुण्याची वर्षं लपवायची मात्र नाहीत. अर्जात सगळी कॉलेजं द्यावी लागतात. मार्क आणि विषय मार्कशीटवर आहेत तसेच भरा. त्यांचं ग्रेडमध्ये रूपांतर तुम्ही करू नका, ते यूसी करते.

कमी पडण्याची बाजूही बघा. ज्युनियर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षात, जायला यूसीला चालणारे किमान ९० क्वार्टर युनिट हवेत, आणि ते ट्रान्सफरच्या आधीच्या स्प्रिंगच्या सत्रापर्यंत पुरे व्हायला हवेत. १०५ च्या भीतीने कोर्स सोडून ९० च्या खाली गेलात तर खरी पंचाईत.

डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहांपैकी एका कॅम्पसची टॅग, म्हणजे प्रवेशाची हमी, मागता येते, ती सप्टेंबरमध्येच. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा. मग जानेवारीत फॉलच्या सत्राचे मार्क आणि पुढच्या कोर्सची यादी अद्ययावत करायला ३१ तारखेपर्यंत मुदत असते. हे पुष्कळ जण विसरतात. त्यानंतर स्प्रिंगमधला एखादा कोर्स सोडायची वेळ आली, तर आधी पेन्सिलने ती बेरीज पुन्हा करा, ९० राहतात का आणि मेजरचा कोर्स तर निघत नाही ना ते बघा, आणि ज्या कॅम्पसला अर्ज केलाय त्यांना लगेच कळवा.