पी०१७१ आणि चिरलेला पाइप

गॅरेजला लागून मला चौथा महिना होता. एक पेट्रोल गाडी आली, चेक इंजिनचा दिवा पेटलेला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. मी ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, गाडी दिली. चार दिवसांनी गाडी परत दारात, दिवा तसाच. गिऱ्हाइकाचे पैसे माझ्यामुळे वाया गेले, हे अजून सलतं.

सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. हवा जास्त आहे एवढंच त्याचं म्हणणं. ती कुठून शिरते हे शोधणं माझं काम होतं.

या वेळी आमच्या मिस्त्रींनी कोड पुसू दिला नाही. आधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोषाच्या क्षणाची नोंद, उघडायला लावली. दिवा लागला त्या क्षणी इंजिन गरम, वेग शून्य, आरपीएम ७८०. म्हणजे गाडी सिग्नलला उभी असावी. कोड पुसला की ही नोंदही जाते, म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग लाइव्ह डेटा. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, लाँग टर्म फ्युएल ट्रिम +२२ टक्के. ट्रिम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो ते; शॉर्ट टर्म क्षणाक्षणाचा, लाँग टर्म साचत गेलेला. रेस २५०० वर धरली तर दोन्ही ट्रिमची बेरीज +६ वर आली. हे नीट समजून घ्या, इथेच सगळं आहे. फटीतून येणारी चोरटी हवा आयडलला एकूण हवेचा मोठा हिस्सा असते. थ्रॉटल उघडला की तिचा वाटा नगण्य होतो. उलट पेट्रोलचा पंप कमजोर असेल किंवा त्याचा फिल्टर तुंबला असेल तर लोड वाढेल तसा ट्रिम चढतो.

मिस्त्रींनी पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा) रबरी पाइप मॅनिफोल्डजवळ, म्हणजे सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळ्यांजवळ, पक्कडीने हलकेच चिमटला. स्क्रीनवरचा शॉर्ट टर्म ट्रिम लगेच खाली सरकला. पाइप काढून वाकवला तेव्हा खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला, नखाएवढी चीर उघडली. वरून पाहिला तर पाइप धडधाकट होता.

मिसफायरचं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटण्याचं, त्यापेक्षा सोपं. पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर, आला तर दोन आणि तीन नंबरची ठिणगी देणारी कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब; जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघा.

आणि कोड पुसून लगेच किल्ली देऊ नका. पी०१७१ चा दोष सहसा सलग दोन फेऱ्यांत (गाडी सुरू करून, चालवून बंद केली की एक फेरी) दिसल्यावरच दिवा लागतो, त्यामुळे पुसल्यावर कोणतीही गाडी दुरुस्त झाल्यासारखी वाटते. मी आता गरम इंजिनवर आयडलचा ट्रिम पाहतो, चक्कर मारतो, परत पाहतो.