ट्रॅक्टर धूर मारते? इंजिन खोलायच्या आधी हे पाहा

भाऊ, रोहिणी लागली. आता मृगापर्यंत वखरणी, रोटाव्हेटर, शेणखत वाहणं सगळं एकदमच अंगावर येते आणि नेमका तेव्हाच आपला वीस वर्षं जुना ट्रॅक्टर धूर फेकायला लागते. गॅरेजवर नेला की लांबूनच ऐकू येते, "रिंगा गेल्या, खोलावं लागन." रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या कड्या. लगेच खोलू देऊ नका. धुराचा रंग तर पाहाच, पण धूर कधी येते ते जास्त पाहा. सकाळी पहिल्या स्टार्टला, लोडवर, का दिवसभर?

काळा धूर. काळ्या जमिनीत नांगर खोल धरला की थोडा निघतेच, एक गिअर उतरवा नाहीतर खोली कमी करा, धूर गेला तर बिघाड काही नाही, तुमीच त्याला जास्त ओढायला लावून राहिले. पण हलक्या कामातही काळाच येत असन तर हवा कमी पडून राहिली किंवा डिझेल जास्त जाऊन राहिलं. आधी हवा पाहायची, कारण तिला पैसे लागत नाही. पऱ्हाटी काढलेल्या वावरात वखर चालला की जी धूळ उडते ती सगळी ऑइलवाल्या एअर क्लीनरच्या वाटीत जाऊन बसते. या दिवसांत ती वाटी रोज संध्याकाळी इंजिन बंद करून काढून पाहा, खाली गाळ दिसला की डिझेलनं धुवा आणि खुणेपर्यंत नवं ऑइल भरा.

खुणेच्या वर एक थेंब नाही. मागच्या वर्षी भावाचा ट्रॅक्टर निळा धूर मारायला लागला, एका मिस्तरीनं रिंग-पिस्टनचा खर्च काढून कागद हातात दिला, अन् निघालं काय तर घरच्याच पोरानं वाटी काठोकाठ भरली होती, इंजिन तेच ऑइल ओढून जाळत होतं. हसण्यावारी नेऊ नका, जास्तच ओढलं तर रेस आपोआप चढत जाते आणि स्टॉप ओढूनही इंजिन बंद होत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबायची, हात नाही.

वाटी ठीक असून निळा येते तर डिपस्टिक पाहा, इंजिन ऑइल वरच्या खुणेच्या वर असन तर तेवढं काढा. रात्रभर उभा राहून सकाळी एक निळा भपका आणि मग साफ, असं असन तर बहुतेक व्हॉल्व्ह गाइड घासले, म्हणजे हेडचं, इंजिनाच्या वरच्या भागाचं काम, पूर्ण इंजिनाचं नाही. दिवसभर निळा, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) फुकफुक आणि सारखं ऑइल टाकावं लागते, तेव्हा मिस्तरीचं खरं समजा, रिंगा-लाइनर गेले.

पांढरा धूर हिवाळ्यात सकाळी दोन मिनिटं आला तर सोडून द्या. पण अकोल्या-चंद्रपुरात पारा 45 ला टेकलेला आणि गरम इंजिन पांढरा धूर देऊन राहिलं, हे बरं नाही. कच्च्या डिझेलचा वास येऊन डोळे चुरचुरत असन तर डिझेल न जळताच बाहेर येते: नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारी तोटी), पंपाचं टायमिंग नाहीतर कमी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा नीट दबत नाही. कॅनमधलं डिझेल वापरत असाल तर फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पाणी निघते का तेही पाहा. वास नाही, पण रेडिएटरचं पाणी रोज कमी होते, त्यात बुडबुडे येते किंवा डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसते, तर हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, पाहायला लावा आणि तोवर ट्रॅक्टर चालवू नका. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड झाल्यावरच खोलायचं, हे किती वेळा सांगितलं तरी दरवर्षी कोणी ना कोणी भाजतेच.

कोणतं नोझल खराब ते घरीच कळते. कमी रेसवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल करा. आवाज बदलला तर तो सिलिंडर बरा, काहीच फरक नाही पडला तर तोच आळशी. फक्त बोट किंवा तोंड जवळ नेऊ नका, दाबाचं डिझेल कातडीत घुसते, तसं झालं तर जखम बारीक दिसली तरी दवाखान्यात जा. आणि नोझल काढायचेच असन तर सगळे एकदमच टेस्टिंगला द्या, तेही याच आठवड्यात, पहिला पाऊस पडला की त्या दुकानासमोर ट्रॅक्टरवाल्यांची रांग असते.